हिरव्या कापडाच्या खुर्च्या

सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या त्या दुकानात दोन भाऊ काम करत, आणि गिऱ्हाइकांनी त्यांची वाटणी केव्हाच करून टाकली होती. थोरला म्हणजे शब्दाचा पक्का, कधी आवाज न चढवणारा. धाकटा म्हणजे पिणारा. हात मात्र धाकट्याचा चांगला, असंही लोक म्हणत, पण हळूच, इकडेतिकडे बघून.

आपली गोष्ट या धाकट्याची. वय चाळिशीच्या आतबाहेर, अंग सडपातळ, जीभ तिखट, आणि सकाळी पहिला तासभर बोटांना बारीक कंप. दोघेही भाऊ तोंडात चिमूटभर खिळे धरून काम करत, वडिलांनी शिकवलं होतं तसं. एका हाताने कापड ताणायचं, दुसऱ्या हातात चुंबकाची हातोडी. ती ओठांशी नेली की खिळा तिच्या टोकाला येऊन चिकटतो, तो ठोकायचा, की पुढचा. त्यामुळे दुकानात बोलणं बेताचंच. कुणी काही विचारलं तर आधी खिळे तळहातावर काढायचे आणि मग उत्तर द्यायचं. थोरल्याला ही पद्धत फारच सोयीची होती, हे धाकट्याच्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली.

थोरला डावखुरा. खुर्चीच्या कोपऱ्यावर कापडाची घडी घालतात ती त्याच्या हातून उलट्या बाजूला पडायची. वडील त्यावरून फार चिडायचे. "बसणाऱ्याला काय कळतंय, बाबा?" असं थोरला म्हणायचा, आणि बसणाऱ्याला खरंच काही कळत नसे. धाकटा मात्र डोळे मिटून, नुसतं बोट फिरवून सांगायचा, ही तुझी खुर्ची आणि ही माझी. लहानपणी हा त्यांचा खेळच होता.

बायकोने निर्वाणीचं बोलायला निमित्त झालं ते हातोडीचं. ती दातांच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या खोलीत बसायची, येणाऱ्यांना वेळ द्यायची, घाबरलेल्यांना पाणी द्यायची. तिथला सोफा नव्याने करायचं काम तिनेच नवऱ्याला मिळवून दिलं होतं. धाकट्याने ते देखणं केलं. फक्त सोफा पोचवल्यापासून त्याला त्याची हातोडी सापडेना. दुकान पालथं घातलं, थोरल्यावर आळ घेतला, झाडूवालीवर आळ घेतला. मग एके दिवशी एक दणकट गृहस्थ दाढ काढून घ्यायला आले, सोफ्यावर धपकन बसले, आणि त्यांची दाढ राहिली बाजूला, भलतंच ठिकाण दुखायला लागलं. डॉक्टरांनी तळाचं कापड उसवलं. आत हातोडी. गादीत नीट पांघरूण घालून निजवलेली.

सगळा दवाखाना हसला. बायको हसली नाही.

"डॉक्टरांच्या बहिणीचा दवाखाना आहे दुसऱ्या गावात," ती घरी आल्यावर म्हणाली. आवाज अगदी शांत होता, आणि धाकटा तिच्या ओरडण्यापेक्षा त्या शांतपणाला जास्त भ्यायचा. "त्यांना माणूस हवंय. राहायला वरची खोली देतात. मी आणि पोरगी जातोय महिनाअखेर."

"हातोडीपायी?"

"हातोडीपायी नाही. मला आता वासावरून कळतं तू किती घेतली आहेस ते. परवा पोरीलाही कळलं. ती म्हणाली, आज बाबा थोडेच प्यायलेत. दहा वर्षांची आहे ती."

धाकट्याची मान खाली गेली. त्याने नेहमीची शपथ घ्यायला तोंड उघडलं, तर तिने हात वर केला.

"शपथ नको. शपथांनी घर भरलंय आपलं. सोडणाऱ्यांच्या कुठेतरी बैठका असतात म्हणे. आपली आपण दारू सोडणारे लोक एकत्र बसतात, बोलतात. ती बैठक शोध आणि जा. गेलास, टिकलास, तर मी राहते. माझ्या एकटीच्याने आता होत नाही."

दुसऱ्या दिवशी धाकट्याने सर्वांत आधी थोरल्याला विचारलं. आयुष्यात काहीही अडलं की तो थोरल्यालाच विचारायचा. थोरला एका खुर्चीच्या पाठीला कापड लावत होता. त्याने विचारलेलं ऐकून घेतलं, आणखी तीन खिळे ठोकले, मग उरलेले सावकाश तळहातावर काढले.

"तसलं काही आपल्याकडे नाही," तो म्हणाला. "आणि असतं तरी काय रे? परक्यांसमोर बसून आपली अब्रू उघडी करायची? मनावर घे म्हणजे झालं. मी नाही का राहत न पिता?"

धाकट्याने मान डोलावली. दादा नाही म्हणतो म्हणजे नसेलच, असंच त्याला वाटलं.

थोरल्यासमोर त्याची मान अशी खाली का असायची, ते सांगायला हवं. सहा वर्षांपूर्वी त्यांनी एका नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं मोठं काम केलं होतं. गर्द हिरवं, जाड, मऊ लवेचं कापड. काम संपल्यावर त्याचा अख्खा गठ्ठा शिल्लक राहिला, आणि वडिलांनी तो जिवापाड जपून वरच्या फळीवर ठेवला. एका सकाळी फळी रिकामी. वडिलांनी काही विचारलं नाही, फक्त धाकट्याकडे बघितलं. धाकट्याला आदल्या दोन संध्याकाळी आठवत नव्हत्या. पिणाऱ्याची हीच तर गोची असते, आपण काय केलं हे त्याला दुसऱ्यांच्या तोंडून कळतं. फुंकलं असेल मी बाटलीपायी, असं त्याने मनाशी धरलं आणि तसं कबूलही केलं. वडिलांनी त्याच्याकडची दुकानाची किल्ली काढून घेतली. थोरल्याकडची तेवढी राहिली.

पुढे वडील आजारी पडले. धाकटा त्यांच्या पायांशी बसून ढसाढसा रडला, चुकलो म्हणाला, एकदा माफ करा म्हणाला. थोरला मागे उभा होता. त्याने धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जाऊ द्या बाबा. कापडच गेलंय. लहान आहे तो." वडील भिंतीकडे तोंड करून पडून राहिले आणि चार-सहा दिवसांनी गेले. थोरल्याचा तो मोठेपणा नातेवाइकांत अजून सांगितला जातो. तेव्हापासून धाकटा रोज सकाळी दुकानाच्या पायरीवर बसतो, थोरला येऊन शटर वर करेपर्यंत.

तर दादाने नाही म्हटलं, तरी महिनाअखेर काही थांबणार नव्हती. धाकटा औषधांच्या दुकानात गेला. बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत त्याने खोकल्याच्या गोळ्यांकडे असं बघितलं की जणू विकतच घेणार आहे दुकान.

"एका मित्रासाठी विचारतोय," तो शेवटी म्हणाला.

"मित्राला सांगा," औषधवाला मान वर न करता म्हणाला, "दर गुरुवारी संध्याकाळी, जुन्या वाचनालयाच्या मागच्या जिन्याने वरचा मजला. बरीच वर्षं चालू आहे. आणि मित्राचे हात फार कापत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा म्हणावं, एकदम बंद करू नका."

धाकट्याने हात खिशात घातले. दुकानापासून ते वाचनालय पाच मिनिटांवरही नव्हतं. दादाला कसं माहीत नाही, असा विचार त्याच्या मनात आला आणि गेलाही. दादासारख्या माणसाला असल्या जागा कशाला माहीत असतील?

गुरुवारी थोरला नेहमीसारखा लवकर निघाला. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितलंय म्हणून तो दर गुरुवारी पिशवी घेऊन जायचा. पिशवीतून टॉवेलचं टोक दिसायचं. परत येताना त्याचे केस कधीही ओले नसत, पण सज्जन माणसाचे केस बघायला कोण जातो!

धाकटा वाचनालयामागे पोचला. खालच्या मजल्यावर एक दार उघडं होतं. आत दहा-बाराजण गोल बसलेले, सगळे जरा घाबरलेले. जीव भांड्यात पडून तो मिळेल त्या खुर्चीवर बसला.

"पहिल्यांदाच का?" शेजारच्याने विचारलं.

"हो."

"मीही. रात्र-रात्र झोप नाही हो."

"मलाही नाही," धाकटा म्हणाला, आणि त्याला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. तेवढ्यात पांढऱ्या कोटातल्या एका बाईने त्याच्या हातात रबरी बाळ दिलं आणि म्हणाली, "मानेखाली हात धरा. तुमच्या मिसेसना कितवा महिना?"

धाकटा बाळ हातात घेऊन उभा राहिला. "मला वाटतं मला वरती जायचंय," तो म्हणाला. बाईने बाळ परत घेतलं आणि हसू न येऊ देता जिन्याकडे बोट दाखवलं.

वरची खोली लांबट होती. खिडक्या रस्त्याकडे, कोपऱ्यात टेबलावर कप पालथे घातलेले, मध्ये खुर्च्यांचं रिंगण. एक उंच, पिकल्या केसांच्या बाई पुढे आल्या. उभा जन्म त्यांनी टपाल वाटलं होतं, आणि इथे त्यांना टपालबाईच म्हणत. खरी नावं कुणी विचारत नसे. एक ट्रक ड्रायव्हर होता, तो ड्रायव्हर. एक गणिताचे मास्तर होते, ते मास्तर.

"बसा," टपालबाई म्हणाल्या. "आज बोलायलाच हवं असं नाही. नुसतं बसलात तरी पुष्कळ."

धाकटा बसला. हात कुठे ठेवावेत कळेना, म्हणून ते सवयीने बैठकीच्या खाली गेले, कडेकडेने कोपऱ्यापर्यंत. तिथे त्याचं बोट थांबलं. घडी उलटी होती.

त्याने दुसरा कोपरा चाचपला. तिथलीही उलटी. मग त्याने मांड्यांच्या मधून खाली बघितलं. कापड गर्द हिरवं होतं, जाड, मऊ लवेचं, बसण्याच्या जागी किंचित विटलेलं. त्याने समोर बघितलं, डावीकडे बघितलं. खोलीतली प्रत्येक खुर्ची हिरवी होती.



"खुर्च्या चांगल्या आहेत," तो कसाबसा म्हणाला.

"आमच्यातल्याच एकाने करून दिल्यात," टपालबाई म्हणाल्या. "पहिल्यांदा आला त्या वर्षी. मोडक्या बाकांवर बसायचो आम्ही. कापडसुद्धा त्यानेच आणलं, एवढं तरी करू द्या म्हणाला. फार भला माणूस."

त्याच वेळी जिन्यावर पावलं वाजली. धाकट्याने ती पावलं ओळखली, पण मान वळवली नाही. दाराशी बसलेला ड्रायव्हर मोठ्याने म्हणाला, "या खुर्चीवाले! काय, आज तरी आणलं की नाही भावाला?"

"कुठलं हो," थोरल्याचा आवाज आला. मोकळा, हसरा, घरी कधीच न ऐकलेला. "कालही पाया पडलो. येतच नाही म्हणतो. नशीब एकेकाचं."

पिशवीतून त्याने चहाचा मोठा थर्मास काढला, टॉवेलमध्ये गुंडाळलेला. मग तो टेबलाकडे वळला आणि त्याला धाकटा दिसला.

थर्मास पडला नाही. थोरल्याने तो टेबलावर नीट ठेवला, झाकण घट्ट आहे की नाही ते बघितलं आणि समोरच्या खुर्चीवर येऊन बसला. चेहरा मात्र ओल्या कागदासारखा झाला होता.

टपालबाईंनी बैठक सुरू केली. नव्या माणसासाठी म्हणून त्यांनी नियम पुन्हा सांगितले. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मध्ये कुणी बोलायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, उठून जायचं नाही. "आणि सगळ्यांत महत्त्वाचं," त्या म्हणाल्या, "इथे कोण दिसलं आणि कोण काय बोललं, ते या दारातच ठेवून जायचं. बायकोलासुद्धा नाही. हा नियम मोडला की ही खोली मोडली."

मास्तर बोलले, ड्रायव्हर बोलला. धाकट्याला त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही. त्याला दुकानाच्या कोपऱ्यातली एक जुनी आरामखुर्ची आठवत होती. गिऱ्हाईक परत आलंच नाही म्हणून वर्षानुवर्षं पडून असलेली, आणि थोरला जिला कुणाला हात लावू देत नसे. तिच्या पोटात बाटली असायची, ते त्याला आता कळत होतं. कापड गेलं त्या वर्षी दोघेही पीत होते. एकाच दुकानात, पाठीला पाठ लावून. एक उघड प्यायचा म्हणून त्याची किल्ली गेली, आणि दुसऱ्याला किल्ली मिळाली, खोली मिळाली, सुटका मिळाली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि कापताना खांद्यावर हात!

थोरल्याची पाळी आली. "आज मी फक्त ऐकतो," तो खाली बघत म्हणाला.

मग सगळ्यांनी धाकट्याकडे बघितलं. टपालबाईंनी मानेनेच सांगितलं की नसेल बोलायचं तरी चालेल. त्याला उठून ओरडायचं होतं. थोरल्याची गचांडी धरायची होती. त्याहूनही जास्त, रस्ता ओलांडून समोरच्या बारमध्ये जायचं होतं, आणि आज तर त्याच्याकडे कारणही होतं, जन्मात नव्हतं इतकं चांगलं.

"मी धाकटा," तो म्हणाला. "मी दारू पितो."

त्याचा हात पुन्हा बैठकीच्या कोपऱ्याकडे गेला.

"माझ्या वडिलांचा हिरव्या कापडाचा एक गठ्ठा होता. तो मी विकून प्यायलो असं मला सहा वर्षं वाटत होतं. मला आठवत नव्हतं, पण सगळे म्हणत होते, म्हणून मीही म्हणत होतो." तो म्हणाला. "आज आलो तर त्याच्यावरच बसायला मिळालं."

टपालबाईंचा हात आपल्या खुर्चीच्या कडेवर गेला आणि तिथेच राहिला. ड्रायव्हरने थोरल्याकडे बघितलं, मग चटकन जमिनीकडे. नियम नियम होता.

"आणि मी येत नाही म्हणालो, असं कुणी इथे सांगत असेल," धाकटा म्हणाला, "तर मी विचारलं होतं. याच आठवड्यात विचारलं होतं. असली जागा नाही असं मला सांगितलं. वडील मरायच्या आधी मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून माफी मागितली. ती माफी मला परत पाहिजे. कोण देणार आहे ती?"

थोरल्याने तोंड उघडलं. टपालबाईंनी हळूच हात वर केला, आणि त्याने ते मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा धाकटा बोलत होता आणि थोरल्याला उत्तर द्यायची मुभा नव्हती.

"बस एवढंच," धाकटा म्हणाला. "पुढच्या गुरुवारी मी येणार आहे. मला यावंच लागेल."

बैठक सुटल्यावर थोरल्याने त्याला जिन्यात गाठलं. त्याचे ओठ हलत होते. धाकट्याला वाटलं, आता हा रडेल, हात धरेल, चुकलो म्हणेल. दोन पायऱ्या खाली उभा राहून तो वाट बघत राहिला. खरं सांगायचं तर त्याला अजूनही दादाने जवळ घ्यायला हवं होतं.

"तुझ्या वहिनीला यातलं काही बोलू नकोस," थोरला म्हणाला.

"ते दारातच ठेवायचं असतं ना, दादा?" धाकटा म्हणाला आणि उतरला.

बारच्या दारावरून तो गेला, परत आला, पुन्हा गेला. आतून कुणीतरी त्याला हाक मारली. तो घरीच गेला, पण त्यात त्याच्या मनाचा निश्चय वगैरे नव्हता. एवढा राग भरला होता की त्यात दारूला जागाच उरली नव्हती.

बायको भांडी पुसत होती. तिने त्याच्या तोंडाजवळ येऊन वास घेतला, लपवून नाही, सरळच. मग तिचे खांदे सैल झाले. पोरगी टेबलाशी चित्र रंगवत होती, तिनेही हळूच आईकडे बघून घेतलं.

"सापडली?" बायकोने विचारलं.

"सापडली. वाचनालयामागे."

"एवढ्या जवळ? आणि दादांना माहीत नव्हतं?" तिने ताट वाढायला घेतलं. "उद्या त्यांना सांग हं. बरं वाटेल त्यांना. तुझ्यापायी किती सोसलंय त्यांनी. ते कापडाचं झालं तेव्हा दुसरा कुणी असता तर दारात उभं केलं नसतं तुला."

पोरीने मान वर केली. कापडाची गोष्ट तिलाही माहीत होती. घरातल्या सगळ्यांनाच होती.

एक वाक्य बोललं असतं तर तो सुटला असता. बायकोसमोर, पोरीसमोर, सगळ्या नात्यागोत्यासमोर. ते वाक्य त्याच्या ओठांवर होतं. पण बोललं की नियम मोडला, नियम मोडला की ती खोली गेली, आणि खोली गेली की महिनाअखेर या दोघीही जाणार. त्याने ओठ घट्ट मिटले, तोंडात खिळे असताना मिटायचा तसे.

"तिथे ओळखीचं कुणी भेटलं का रे?" तिने विचारलं.

"नाही," धाकटा म्हणाला. "सगळे परकेच होते."

"बरं झालं," ती म्हणाली. "बस जेवायला."